विमानातल्या पाकिटात टाकलेली चिल्लर पुढे कुठे जाते?

प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: "मुलीकडे फ्रँकफर्टला राहून आम्ही दोघं मुंबईला परतत होतो. उतरायच्या तासभर आधी घोषणा झाली की उरलेली परदेशी नाणी समोरच्या पाकिटात घाला, ती मुलांच्या कामासाठी वापरली जातील. मी सात-आठ युरोंची चिल्लर घातली. यजमान म्हणाले, वेडी आहेस, हे सगळं कर्मचाऱ्यांच्या खिशात जातं. खरं काय? दुसरं म्हणजे, आम्ही काही जणी मिळून गावात मुलींचं छोटं वसतिगृह चालवतो. एखाद्या विमान कंपनीला गाठून असा निधी आमच्या संस्थेला मिळवता येईल का?"

बाई, आधी यजमानांचं बघू. त्यांचा संशय काही नवा नाही. बावीस वर्षं मी एका परदेशी विमान कंपनीत केबिन क्रू होते, त्यातली शेवटची नऊ पर्सर, म्हणजे विमानातल्या क्रूची प्रमुख, म्हणून. उडणं थांबल्यावर चार वर्षं तळावरच्या त्या खोलीत काम केलं, जिथे ही पाकिटं फोडून मोजली जातात. आता डोंबिवलीत दोन-तीन संस्थांच्या हिशेबाला हातभार लावते. "हे पैसे तुम्हीच घेता ना?" हा प्रश्न मी इंग्रजीत, मलयाळममध्ये, मोडक्या अरबीत ऐकलाय. मराठी माणूस तोच प्रश्न जरा आडून विचारतो: "म्हणजे, हे पुढे पोचतं ना?"

पोचतं. मध्ये गळतंही, पण यजमान म्हणतात तिथे नाही.

आधी हे लक्षात घ्या की त्या पाकिटात नाणीच का मागतात. युरोची नोट घेऊन तुम्ही फोर्टातल्या कुठल्याही मनी चेंजरकडे गेलात तर तो दर सांगेल. दोन युरोचं नाणं पुढे केलंत तर तो नकारार्थी मान हलवेल. त्यात त्याचा आडमुठेपणा नाही. नोटांचं बंडल त्याला पुढे विकता येतं. नाणी साठवायची, निवडायची, वजनाने परदेशी पाठवायची आणि तिथल्या बँकेत भरायची, एवढं करून हाती काहीच उरत नाही. त्यामुळे विमानतळ सोडला की परदेशी नाणं तुमच्यासाठी पैसा राहत नाही, गोल धातू होतो. ते स्वस्तात मायदेशी नेऊ शकेल असं एकच कोणी असतं: ज्याला तसंही तिथे जायचंच आहे. म्हणजे विमान.

हे ज्याच्या डोक्यात आलं तो हॉवर्ड सायमन्स नावाचा अमेरिकी पत्रकार. अध्यक्ष निक्सनना पायउतार करणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाच्या काळात तो 'वॉशिंग्टन पोस्ट'चा व्यवस्थापकीय संपादक होता. १९८७ मध्ये युनिसेफने त्याच्या कल्पनेवरून 'चेंज फॉर गुड' ही विमानात चिल्लर गोळा करायची योजना सुरू केली. १९९१ मध्ये क्वांटास आणि कॅथे पॅसिफिक या विमान कंपन्या आल्या, १९९४ मध्ये कोरियाची एशियाना, २०१२ मध्ये युरोपातली ईझीजेट. आजवर सगळ्यांचे मिळून दहा कोटी डॉलरच्या कितीतरी वर जमलेत. ब्रिटिश एअरवेज आधी युनिसेफबरोबर होती, २०१० मध्ये ती 'कॉमिक रिलीफ' या ब्रिटिश धर्मादाय संस्थेकडे वळली आणि स्वतःचा 'फ्लाइंग स्टार्ट' उपक्रम काढला. लुफ्तान्साची 'हेल्प अलायन्स' ही मदतसंस्था १९९९ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांनीच उभी केली. तेव्हा पाकिटावर कोणाचं नाव छापलंय ते वाचत जा. बहुतेक प्रवासी वाचत नाहीत. पाकीट हातात आलं की नाणी आत आणि डोळे पडद्यावरच्या सिनेमाकडे.

आता पाकिटाचा प्रवास. पाकिटं जातानाच्या विमानातही असतात, पण मुंबईहून निघालेल्या विमानात ती रिकामी परत यायची. जाणाऱ्याच्या खिशात उरलेलं काहीच नसतं, त्याला अजून खर्च करायचाय. कमाई होते ती परतीच्या विमानात. माझ्या अनुभवात अडीचशे प्रवाशांच्या विमानातून वीस-पंचवीस पाकिटं यायची. घोषणा मनापासून केली तर चाळीस. कुठल्या तरी सुट्टीनंतरच्या रविवारी साठ. घोषणा कागदावरून एकसुरी वाचून दाखवली तर सात. हा फरक मी इतक्यांदा पाहिलाय की नव्या मुलींना सांगायचे, कागद खाली ठेवा आणि एक वाक्य तरी स्वतःचं बोला. आमच्यातली एक केरळची मुलगी म्हणायची, "तुमच्या खिशातलं हे ओझं मला द्या, तुम्ही हलके होऊन उतरा." तिच्या फेरीची पिशवी नेहमी जड असायची.

वेळ फार महत्त्वाची. जेवण आवरलं, ड्युटी फ्रीची ट्रॉली परत गेली आणि सीटबेल्टचा दिवा लागायला अजून वेळ आहे, एवढ्याच फटीत हे बसतं. दोन तासांच्या उड्डाणात ती फट जवळपास नसतेच. चहा-पाण्याची ट्रॉली आवरेस्तोवर विमान उतरायला लागतं. अशा उड्डाणांत पाकिटं खुर्चीच्या खिशातच राहतात आणि सफाईवाले ती कचऱ्याच्या पिशवीत भरतात, कधीकधी नाण्यांसकट. ही पहिली गळती. ती चोरी नव्हे, घाई आहे.

पाकिटं गोळा झाली की ती गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत जातात. पिशवीचं तोंड चिकटवलं की पुन्हा उघडता येत नाही. उघडलं तर खूण उमटते. तिच्यावर क्रमांक असतो. तो क्रमांक, उड्डाण आणि तारीख फॉर्मवर लिहून दोघांच्या सह्या. एकट्याने सही करायची नाही, हा नियम आमच्याकडे कडक होता. उतरल्यावर पिशवी तळावरच्या तिजोरीत टाकायची. त्या तिजोरीला वरून फट असते, आपल्या देवळातल्या दानपेटीसारखी. आत टाकता येतं, हात घालून काढता येत नाही.

यजमानांचा मुद्दा इथे येतो. पिशवी बंद होण्याआधी पाकिटं गॅलीत दहा-पंधरा मिनिटं पडलेली असतात आणि ती किती आहेत हे कोणी मोजलेलं नसतं. एखाद्याला घ्यायचंच असेल तर तेवढी संधी असते, हे मी नाकारत नाही. पण घेऊन करायचं काय? एका पाकिटात चार देशांची नाणी. ती खपवायला त्या चार देशांत जायला हवं, आणि पकडलं गेलं तर नोकरी गेली. सतरा युरोंसाठी विमानातली नोकरी घालवणारा माणूस मला बावीस वर्षांत दिसला नाही. नोटा मात्र वेगळी गोष्ट. म्हणून आमचा नियम होता की प्रवाशाने नोट दिली तर पाकीट त्याच्यासमोर चिकटवायचं. तुम्हाला पुढे कधी नोट द्यायची झाली तर पाकीट स्वतः चिकटवा आणि मगच हातात द्या. एवढं केलं तरी पुरे.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगते. एकदा हिवाळ्यात उतरायला उशीर झाला, पुढची बस चुकेल म्हणून सगळे पळाले आणि सील केलेली पिशवी जंप सीटच्या, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीच्या, मागच्या कपाटात राहिली. फॉर्मवर क्रमांक होता, सह्या होत्या, पिशवी नव्हती. ते विमान पुढे तीन देश फिरून अकरा दिवसांनी तळावर आलं तेव्हा पिशवी जशीच्या तशी मिळाली. ते अकरा दिवस मी नीट झोपले नाही. नंतर मोजणीच्या खोलीत गेल्यावर कळलं की अशा फिरत्या पिशव्या दर महिन्याला निघतात.

ती मोजणीची खोली म्हणजे या सगळ्याचा खरा गाभा, आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. लांब टेबलं, प्लास्टिकचे ट्रे, दोन मोजणी यंत्रं, छताला कॅमेरे, खिसे नसलेले ॲप्रन. पाकिटातून काय निघत नाही! कॅसिनोची नाणी, कपड्यांची बटणं, हॉटेलच्या खोलीचं कार्ड, च्युइंगमचा कागद, एकदा लहान मुलाचा पडलेला दात, बरोबर चिठ्ठी. आणि चिठ्ठ्या तर पुष्कळ. जपानी प्रवासी नाणी टिशूत गुंडाळून व्यवस्थित घडी घालून देतात. आपली माणसं पाकिटावर 'ॐ' काढतात किंवा एकावन्न, एकशे एक असा आकडा जुळवायचा प्रयत्न करतात. युरो आणि सेंटमध्ये तो जुळत नाही, मग वर एक रुपयाचं नाणं ठेवतात. ते रुपयाचं नाणं हातात आलं की मला कळायचं, हा आपल्याकडचा.

निवडण्याचं काम यंत्रावर पूर्ण सोपवता येत नाही, कारण यंत्र एका देशाच्या नाण्यांसाठी लावलेलं असतं. थायलंडचं दहा बाहटचं नाणं आणि दोन युरोचं नाणं दिसायला भावंडं: दोन धातूंची, एकाच वजनाची, आकारात पाव मिलिमीटरचा फरक. किमतीत मात्र सात-आठ पटींचा. फिलिपिन्सचा जुना पेसो आणि अमिरातीचा दिऱ्हॅम यांचंही तसंच. आखातातल्या वेंडिंग मशीनवाल्यांनी त्या पेसोचा चांगलाच धसका घेतला होता. म्हणून निवडायला माणसं लागतात, आणि डोळ्यांना सवय लागायला दोन-तीन महिने. काही कंपन्यांत निवृत्त कर्मचारी हे काम फुकट करतात, काही ठिकाणी बाहेरच्या कंपनीला देतात आणि ती आपला वाटा घेते.

आता वजनाचा हिशेब करू, कारण खरी गळती तिथे आहे. एक युरोचं नाणं साडेसात ग्रॅमचं. म्हणजे एका किलोत १३३ नाणी, १३३ युरो. दोन युरोची एक किलो म्हणजे सुमारे २३५ युरो. एक सेंटचं नाणं २.३ ग्रॅम. एका किलोत ४३४ नाणी बसतात आणि किंमत होते चार युरोंच्या जरा वर. ब्रिटनची दोन पेन्सची नाणी किलोला २ पौंड ८० पेन्स. अमेरिकेचं २५ सेंटचं नाणं किलोला ४४ डॉलर, एक सेंटचं चार डॉलर. जपानचं ५०० येनचं नाणं मात्र राजा: किलोला सत्तर हजार येन. आमच्या खोलीत ५०० येन दिसलं की सगळ्यांचे चेहरे उजळायचे.

त्यातून निवडणाऱ्याचा पगार, वाहतूक, आणि बँका नाणी मोजून घ्यायला जे शुल्क लावतात ते वजा करा. मोठी नाणी हा खर्च सहज सोसतात. तांब्याच्या रंगाची बारकी नाणी सोसत नाहीत. आमच्याकडे अशी बारकी नाणी पिंपात साठायची आणि पिंप भरलं की एकदम पाठवायची. काही पिंपं तिथे माझ्या आधीपासून होती. अमेरिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये एक सेंटचं चलनी नाणं पाडणं थांबवलं आणि कॅनडाने त्याच्या कितीतरी आधी. बातमी वाचली तेव्हा मला त्या पिंपांची आठवण झाली.

तेव्हा बाई, तुमच्या सात-आठ युरोंत एक आणि दोन युरोची नाणी असतील तर जवळजवळ सगळं पोचलं असं समजा. पाच सेंटची मूठभर असतील तर त्यातलं थोडंच.

यावरून मी लोकांना काय सांगते? जो पैसा तुमच्यासाठी मेलेला आहे तो पाकिटात घाला. जिवंत पैसा घालू नका. मुलगी फ्रँकफर्टला आहे म्हणजे तुम्ही पुन्हा जाणार. तर चार-पाच युरो जवळ ठेवा, विमानतळावरची सामानाची ट्रॉली सोडवायला, पाण्याच्या बाटलीला उपयोगी पडतील. आणि दान म्हणून मोठी रक्कम द्यायची इच्छा असेल तर पाकिटाचा रस्ता चुकीचा. पाकिटाची पावती मिळत नाही, करात सूट मिळत नाही, आणि संस्था तुम्ही निवडलेली नसते, कंपनीने निवडलेली असते. मोठी रक्कम थेट संस्थेच्या खात्यात भरावी, पावती मागावी.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुष्कळजण विचारतात म्हणून एक सांगून टाकते: "आमच्या पैशावर कंपनी स्वतःचा कर वाचवते का?" नीट चालवलेल्या योजनेत हा पैसा कंपनीच्या उत्पन्नात धरलाच जात नाही, ती फक्त पोचवणारी. आपल्याकडे कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यात प्रवाशांनी दिलेले पैसे दाखवता येत नाहीत, कारण तो कंपनीचा खर्चच नव्हे. कंपनीला मिळतं ते नाव: मासिकात फोटो, शेपटीवर रंगवलेलं चित्र, हसरी मुलं. ते फुकट मिळतं, हे खरं. मला त्याचा राग येत नाही. विमान, क्रूचा वेळ आणि ती खोली त्यांची असते.

राग येतो तो तिकिटाच्या पानावरच्या टिकखुणेचा. बुकिंग करताना शेवटी पाच-दहा रुपये दानाचे आधीच जोडलेले असतात आणि काढायचे तर शोधावं लागतं. इथे मात्र आता कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या ऑनलाइन युक्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार दिलेत. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात काहीही जोडणं त्यात येतं आणि दानाचा तिथे नाव घेऊन उल्लेख आहे. दान नाकारणाऱ्याला 'दानधर्म श्रीमंतांसाठी असतो, मला पर्वा नाही' अशा अर्थाच्या बटणावर बोट ठेवायला लावणं, हेही तिथे उदाहरण म्हणूनच दिलंय. पाकीट निदान रिकामं असतं. घालायचं तर घाला, नाहीतर तसंच खुर्चीच्या खिशात राहू द्या, तुमच्याकडे कोणी डोळे वटारून बघत नाही.

आता तुमच्या वसतिगृहाचं. इथे मी तुम्हाला नाराज करणार आहे, आधीच माफी मागते.

मुंबईत अशी गोष्ट झालेली आहे. जेट एअरवेजच्या विमानांत 'मॅजिक बॉक्स' नावाने प्रवाशांकडून पैसे गोळा व्हायचे आणि ते मुंबईच्याच 'सेव्ह द चिल्ड्रन इंडिया' या संस्थेला जायचे. चांगलं चाललेलं काम होतं. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचं अमृतसरहून आलेलं विमान मुंबईत उतरलं आणि कंपनीची उड्डाणं थांबली. अशी पेटी एका रात्रीत बंद पडते. त्यानंतर वर्षभराच्या आतच कोविड आला. २३ मार्च २०२० पासून २७ मार्च २०२२ पर्यंत भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणंच नव्हती. जगभरात पाकीट हातोहात घेणं बंद पडलं. पुढे विमानं परत आली, पण मधल्या काळात कार्ड आणि फोन यांनी चिल्लर खाऊन टाकली. ज्या मुलांना कॉफीचे पैसे फोनने द्यायची सवय आहे त्यांच्या खिशात उरणार काय? म्हणून कंपन्या आता प्रवासाबद्दल खात्यात जमलेले मैल (पॉइंट) दान करा, पडद्यावर कार्ड टेकवा असं सांगतात. मुलींच्या पोळी-भाजीचा महिन्याचा खर्च अशा निधीवर टांगून ठेवू नये, असं माझं मत.

दुसरी अडचण कायद्याची. आंतरराष्ट्रीय विमानात पेटीत पैसे टाकणारा भारतीय नागरिक आहे की परदेशी, हे तुम्ही सांगू शकणार नाही. परदेशी व्यक्तीकडून आलेला पैसा, मग तो रुपयांत का असेना, परकीय देणगी ठरतो. त्यासाठी २०१० च्या परकीय अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत तिने मूळ कामावर किमान पंधरा लाख रुपये खर्च केलेले हवेत. पैसा फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घ्यायचा. आणि 'आम्ही मोठ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत घेऊ' म्हणाल तर २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेला परकीय देणगी दुसरीकडे वळवता येत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला आपला भाचासुद्धा या कायद्याला परदेशीच. भारतीय पासपोर्ट असलेला, तिकडे नोकरी करणारा मुलगा मात्र नाही. त्याने स्वतःच्या बचतीतून दिलेलं चालतं. तुमच्या देणगीदारांची यादी काढा आणि प्रत्येकाच्या नावापुढे पासपोर्ट कोणता ते लिहा. ही गोष्ट चुकून कित्येक भल्या संस्था अडकल्यात.

लोकांच्या घरच्या डब्यातली परदेशी नाणी गोळा करू का, असंही तुम्ही पुढे विचाराल. परदेशी नाणी जवळ ठेवायला भारतात मर्यादा नाही. नोटांना दोन हजार डॉलरची आहे, नाण्यांना नाही. पण ती तुम्ही विकणार कोणाला? मनी चेंजर घेणार नाही हे वर सांगितलंच. शेवटी नाण्यांची बरणी वसतिगृहाच्या कपाटात बसेल आणि दर ऑडिटला तिचं काय करायचं म्हणून सीए विचारेल.

त्यापेक्षा जवळची चिल्लर बघा, साताऱ्याची. दोन-तीन दुकानदारांना विचारून गल्ल्याशेजारी डबा ठेवा. नाव न कळणाऱ्या देणगीवर धर्मादाय संस्थेला तीस टक्के कर लागतो, पण वर्षाला एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यातली जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत तो लागत नाही. लाख रुपये म्हणजे दिवसाला पावणेतीनशे रुपये. तुमच्या डब्यांत तेवढे जमले तर मला पेढे पाठवा. (२०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा नेमकं कलम सीएला विचारा.) डब्याशेजारी पावतीपुस्तक ठेवलंत आणि शंभराच्या वर देणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून घेतलात तर ती देणगी निनावी राहतच नाही. ऐंशी-जी कलमाखालची करसूट हवी असणाऱ्याला सांगा, दोन हजारांच्या वर रोख देऊ नका, ऑनलाइन द्या.

डबा कसा उघडायचा ते मी विमानातून शिकले तसंच सांगते. कुलूप दोन, किल्ल्या दोन बायकांकडे. उघडताना दुकानदार हजर. तिथेच मोजायचं, घरी नेऊन नाही. रक्कम वहीत, तिघांच्या सह्या, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत. बँकेत आधी विचारून ठेवा की नाणी कोणत्या वारी घेतात. नाण्यांचं ओझं फक्त विमान कंपन्यांनाच होतं असं नाही: २०२३ मध्ये शिर्डीच्या संस्थानाकडची नाणी ठेवायला बँकांकडे जागा उरली नसल्याची बातमी तुम्हीही वाचली असेल. तुमचं दुःख तेवढं मोठं नाही. गावातल्या किराणा दुकानदाराला रोज मोड लागतेच. तो तुमची नाणी घेऊन नोटा देईल, उलट आभार मानेल.

विमान कंपनीकडे जायचंच असेल तर पैसे मागायला जाऊ नका. विमानतळांवर आणि कंपन्यांत कर्मचाऱ्यांचे स्वतःचे गट असतात. सुट्टीच्या दिवशी कुठल्या तरी शाळेत, वसतिगृहात जाऊन काम करणारे. त्यांच्याकडे चादरी, बॅगा, चांगल्या स्थितीतले जुने लॅपटॉप आणि मुख्य म्हणजे मुलींशी बोलायला येणाऱ्या तरुण मुली असतात. आमच्या त्या केरळच्या मुलीने एका वसतिगृहात दर दोन महिन्यांनी जाऊन इंग्रजी शिकवलं होतं, सहा वर्षं. त्या मुलींपैकी दोघी पुढे ग्राउंड स्टाफला लागल्या. पत्र लिहाल तर एका पानाचं लिहा: मुली किती, वयं काय, काय कमी पडतंय. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा क्रमांक वर टाका. संस्थेचा इतिहास नको, तो कोणी वाचत नाही.

आणि एक. मुलगी फ्रँकफर्टला आहे म्हणून सुचलं. घरातल्या जुन्या डब्यात कोणी आणलेले जर्मन मार्क असतील, नोटा किंवा नाणी, तर टाकून देऊ नका. जर्मनीची मध्यवर्ती बँक ते अजूनही बदलून देते, मुदत नाही, शुल्क नाही, १.९५५८३ मार्कांना एक युरो. बँकेची शाखा फ्रँकफर्टातच आहे, मुलगी येईल तेव्हा तिच्याबरोबर धाडा. फ्रेंच फ्रँक निघाले तर नातवंडांना दुकान-दुकान खेळायला द्या, त्यांची मुदत केव्हाच संपली.